सेम्बावांगच्या गरम पाण्यात मिस रूथ

डेनीस माझी लॅबमधली मैत्रीण, अमेरिकेतल्या मिसिसिपीची. तिची सत्तरी ओलांडलेली आई पहिल्यांदाच सिंगापूरला आली. विमानप्रवासानं तिचे गुडघे आखडले होते, म्हणून मी म्हटलं, मॉल राहू देत, आपण सेम्बावांगच्या गरम झऱ्यावर जाऊ.

तोआ पायोहहून लाल लाइनची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडायची आणि कॅनबेराला उतरायचं. पुढे थोडं चालणं. प्रवेश फुकट. सोबत टॉवेल आणि कच्ची अंडी न्या, तिथल्या पाण्यात ती उकडता येतात. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते, म्हणून आम्ही सकाळीच पोचलो.

पायऱ्यापायऱ्यांच्या हौदात चिनी आज्या पाय सोडून गप्पा मारत होत्या. डेनीसची आई, मिस रूथ, काठावरच थांबल्या. (त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला असंच 'मिस' म्हणतात.)

"इथे आपल्याला चालतं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"मॉम!" डेनीसनं त्यांचा हात धरला.

मग मिस रूथच बोलल्या. त्यांची पणजी गुलामगिरीत जन्मलेली. त्या स्वतः लहान असताना कोर्टानं सांगितलं, गावचा तरणतलाव काळ्या मुलांनाही खुला करा. गावानं तो मातीनं बुजवून टाकला. "आईनं शिवलेला पोहण्याचा पोशाख घालून मी कुंपणाबाहेर उभी होते. ट्रक येत होते, माती ओतत होते."

मला राहवलं नाही. "माझ्या आजीलाही गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते. कुणी वरून पाणी ओतलं तरच घागर भरायची. पुढे विहीर सगळ्यांना खुली झाली, तरी पोहरा सोडण्याआधी ती चारी बाजूंना बघून घ्यायची."

"मी आत्ता तेच केलं," मिस रूथ म्हणाल्या, आणि हसल्या.

"आंटी, कम, सिट लाह!" एक चिनी आजी बाजूला सरकली. मिस रूथनी पँट दुमडून पाय आत सोडले. "अगं, चटका बसतोय!" त्या ओरडल्या, पण पाय काही काढले नाहीत. ऊन चढेपर्यंत आम्ही तिथेच होतो. अंडी आतून कच्चीच राहिली. त्या आजीनं पिशवीतून सोया सॉस काढला आणि ती तशीच खायला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी डेनीसचा मेसेज आला: आई टॉवेल घेऊन एकटीच एमआरटीनं गेली आहे.

मी घरी बसून हे लिहिते आहे. इथल्या मराठी मंडळींनी "आडनाव काय? गाव कुठलं?" विचारलं की आजवर मी विषय बदलत आले. आजीची विहीर कुणालाच सांगितली नव्हती. आता सांगते. गाव जालन्याकडचं. आजीचं नाव गयाबाई. आमचं घर महारवाड्यात होतं.