असानालीची परवानगी

आमच्या डोंगरातल्या शहराला घराघरांत गरम पाण्याने ऊब पुरवणारं बॉयलरघर नदीकाठी आहे. तिथल्या संगणकाचं सगळं काम झुराकान एजेने उभं केलं. एजे म्हणजे थोरली बहीण. समोर आम्ही तिला अहोजाहो करतो, पाठीमागे एकेरीत बोलतो. जीभ तिखट, पण हाताला यश. तिचा नियम एकच होता. कोळसा कमी पडून एखाद्या वस्तीचं पाणी तोडायची वेळ आली, तर यंत्राने फक्त विचारायचं. 'हो' म्हणायचं ते जिवंत माणसाने.

ते 'हो' आमचे असानाली बायके, म्हणजे थोरले भाऊ, म्हणायचे. चहाचा घोट घेऊन, विचार करून. मग ते वारले. मेल्याला वर्ष झाल्यावर घालायचं जेवण होईपर्यंत त्याचं नाव पुसू नये, म्हणून संगणकातलंही कोणी पुसलं नाही. त्या वर्षात नव्या पोरांना काही जोडायचं झालं की सगळे अधिकार असलेलं ते नाव आयतं सापडे. कोणी शाळेचं पाणी त्याला बांधलं, कोणी कोळशाची बचत. उत्तर लगेच आलं तर हा माणूस नव्हे म्हणून यंत्र अडायचं, म्हणून कोणीतरी त्या नावाला जरा थांबून आपोआप 'हो' म्हणायला शिकवलं. लबाडी कुणीच केली नाही. जो तो आजचं भागवत होता. वर्ष भरलं, जेवणासाठी घोडं कापलं, जेवण झालं, नाव राहिलंच.

पडद्यावर ओळ उमटायची: असानाली, परवानगी दिली. तीही थोडी थांबून. मला तर घोट गिळल्याचा आवाज यायचा. हसा खुशाल.

या हिवाळ्यात अशाच एका ओळीने खालच्या वस्तीचं पाणी तुटलं आणि एक म्हातारी अंथरुणातच गारठून मेली. तेव्हा एजेने आपलंच काम पहिल्यापासून वाचायला घेतलं.

"इदिरिस, हे घर मी नाही बांधलं," ती म्हणाली.

"मग कोणी, एजे?" मी विचारलं.

"तुम्ही दीडशहाण्यांनी. भिंती माझ्याच आहेत, पण दारं भलतीकडेच उघडतात."

"मग सगळं बंद करून नीट करा ना."

"आणि शहर गोठवू? नुसतं नाव काढते. ते नसलं की हो म्हणायला कोणी उरणार नाही."

तिने कुराणातली आयत म्हटली, तोंडावरून हात फिरवले आणि भर दुपारी नाव पुसलं. आम्ही वाट बघत बसलो. थंडी वाढली तसं यंत्राने विचारलं, खालची वस्ती बंद करू? एजेचे हात मांडीवर होते. जरा थांबून ओळ उमटली: झुराकान, परवानगी दिली.

नाव सापडलं नाही तर वयाने त्याच्या खालचं घ्यावं, असं कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे सगळंच वडीलकीने चालतं.

एजे कोट चढवून खालच्या वस्तीत गेली आणि व्हॉल्व्हचं चाक हाताने फिरवून तिने पाणी सोडलं. उन्हाळ्यात सगळं मुळापासून उकरू, म्हणते. उन्हाळा अजून लांब आहे. तोवर कडाका पडला की ती तिथल्या खड्ड्यात चाक धरून बसते. वर तिचं नाव बंद करा म्हणतं, खाली ती उघडते. गुडघे गेलेत तिचे. बघवत नाही.

परवा मी म्हटलं, "एजे, तुमचं नाव काढून टाकू का?"

"नको," ती म्हणाली. "माझ्यानंतर तुझं आहे."