दोन गाठींचा होल्डर

गोपीबाई गेल्याची बातमी मला पॅकिंग खात्यातल्या बायकांनी सांगितली. वाईट वाटायला हवं होतं, पण मनात पहिला विचार आला तो असा, की माझ्याआधी यांना कसं कळलं? सात वर्षं मी तिच्याबरोबर काढली होती... माणूस गेलं तरी माझा हेवा काही गेला नव्हता. आज महिना होत आला, अजून गेलेला नाही. म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात विजेच्या दिव्यांचे होल्डर तयार होतात. तयार झालेला प्रत्येक होल्डर तपासणीच्या टेबलावर येतो. त्यात जोराची वीज सोडायची. ठिणगी उडाली तर तो टोपलीत जायचा, नाहीतर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. या टेबलाशी बसणारी पहिली बाई मी. यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून मी इथं कामाला येऊ लागले. गोपीबाई माझ्या मागून दोन वर्षांनी आली, उल्हासनगरच्या बराकीतून. फाळणीत नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. वीज कशी सोडायची, हात कुठं ठेवायचा नाही, हे सगळं तिला मी शिकवलं. पुढं हे मी भेटेल त्याला ऐकवत असे.

रंगाचा ठिपका खोक्यात घासून पुसला जाई. मग तपासलेला होल्डर कोणता, न तपासलेला कोणता आणि तपासला कुणी, काही कळायला मार्ग नसे. मी त्यावर वर्षभर कुरकुर केली. गोपीबाईनं एका दुपारी उपाय काढला. ती घरी भरतकाम करायची. तिनं होल्डरच्या गळ्याशी दोरा बांधून दाखवला. दर आठवड्याला दोऱ्याचा रंग वेगळा, म्हणजे माल कधीचा ते कळेल, आणि गाठींवरून तपासणारी बाई कोण ते कळेल. "तू पहले आई, भेण, तेरी एक गाठ. मैं बाद में आई, मेरी दो," ती मला म्हणाली. मला वाटलं, बघा, स्वतःला दोन ठेवून घेतल्या! साहेब तर इतके खूश की येईल त्या पाहुण्याला तिच्या खुर्चीपाशी नेऊन उभं करायचे. टेबलाची प्रमुख तिलाच करणार अशी कुजबुज सुरू झाली आणि माझ्या अंगाचा तिळपापड होऊ लागला.

एकदा असेच पाहुणे आले. गोपीबाईचं भरभरून कौतुक झाल्यावर साहेबांनी माझ्याकडे बोट केलं, "आणि या त्यांच्या मदतनीस." मदतनीस! मी, जिनं तिला खटका दाबायला शिकवलं! पाहुणे गेल्यावर रागाच्या भरात मी समोरचे मूठभर होल्डर न तपासताच दोरे बांधून खोक्यात टाकले.

काही महिन्यांनी त्यातला एक परत आला. दुकानात लावून बघताना त्यानं दुकानदाराला झटका दिला होता, बिचाऱ्याचा हात भाजला होता. कारकून तो होल्डर आमच्या टेबलावर ठेवून साहेबांना बोलवायला गेला. गोपीबाई पाणी प्यायला गेली होती. पिवळा दोरा, एक गाठ... माझी. घरी आजारी माणूस होतं, नोकरी जाण्याची भीती होती, हे सगळं खरं. पण आज सांगते, त्या घटकेला मला नोकरीपेक्षा गोपीबाईची खुर्ची जास्त दिसत होती. एकीच्या दोन करायला कितीसा वेळ लागतो? मी त्या दोऱ्याला दुसरी गाठ मारली.

साहेबांनी गाठी मोजल्या. "गोपीबाई, हा तुमचा?"

तिनं होल्डर हातात घेतला आणि गाठींवरून नख फिरवलं. तिची गाठ तांदळाच्या कणीएवढी, घट्ट बसायची. माझी ती दुसरी घाईची होती, सैल. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हां साब, मेराच आहे," एवढंच म्हणाली.

तिला पॅकिंगला धाडलं आणि टेबलाची प्रमुख मी झाले. चार दिवसांनी ती आपणहून साहेबांकडे गेली. "एक गाठ की दो हो सकती है, साब. रंग बाई का रखो, गाठ हफ्ते की." कुणाचं नाव घेतलं नाही. पण मला कळायचं ते कळलं. आता ती बोलेल, मग बोलेल, म्हणून मी वाट पाहत राहिले. ती मात्र जेवणाच्या सुट्टीत पूर्वीसारखीच माझ्यापुढं पापड धरायची. चार माणसांत भांडली असती तर मीही कंबर कसून भांडले असते, मोकळी झाले असते. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही. चांगुलपणातही हिनंच पुढं राहायचं! त्याचाही मला हेवा वाटला...

बाराव्या दिवशी मी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या तिच्या खोलीवर गेले. तिची मुलगी मोहिनी यंदा मॅट्रिकला आहे. आईची आठवण म्हणून तिनं दोऱ्यांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढं ठेवला. रिळं बाजूला केली, तर तळाशी तो होल्डर. पिवळा दोरा, दोन गाठी. साहेबांनी फेकलेला तिनं उचलून आणला असणार.

"अम्मा याला कोणाला हात लावू देत नव्हती, मासी," मोहिनी म्हणाली. "बोलायची, ये मेरी सहेली के हाथ का है."

खरंच होतं. त्या दोऱ्यावर गोपीबाईचं काहीच नव्हतं. दोन्ही गाठी माझ्याच हातच्या. माझं नख नकळत त्या सैल गाठीत शिरलं. ती सुटू लागली, तशी मोहिनीनं होल्डर हळूच माझ्या हातातून काढून घेतला. "खोलो मत, मासी. अम्मानं इतकी साल सांभाळलाय." तिनं तो रिळांखाली ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

तिथं मला खरं सांगता आलं नाही, म्हणून हे लिहून वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीकडे धाडते आहे. मोहिनीला मराठी वाचता येतं. आमचे साहेबही ती पुरवणी वाचतात. तो दोरा सोमवारी कुणी बघायला मागितला, तर त्यातली दुसरी गाठ सैल आहे.