घासलं नाहीत ना?

आमच्या घरी फोन वाजला की हे ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘घासलं नाहीत ना?’ असं विचारतात. पलीकडचा माणूस गांगरतो आणि मग सांगतो, की वडिलांचं जुनं घड्याळ आहे, पाणबुडे खोल पाण्यात घालतात तसलं, विकायचंय, म्हणून जरा चकाचक करून घेतलं. झालं. हे कपाळावर हात मारतात आणि त्या बिचाऱ्याची अशी हजेरी घेतात, की त्याला वडीलच रागावल्यासारखं वाटत असेल.

माझा नवरा डायव्हिंगच्या जुन्या घड्याळांची किंमत ठरवून देतो. जगात असाही धंदा असतो आणि त्यावर घर चालतं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. एरवी लोकांना हौस नव्याची, या घड्याळांच्या शौकिनांना हौस जुनेपणाची. अंधाऱ्या पाण्यात दिसावेत म्हणून आकड्यांना आणि काट्यांना चमकणारा रंग लावलेला असतो. तो दोन्हीकडे सारखाच पिवळा पडला असेल तर भाव वर. काचेभोवतीच्या फिरत्या कडीचा रंग विटला असेल तर आणखी वर. आणि स्टीलच्या कडा कारखान्यातून आल्या तशाच धारदार असतील तर ह्यांचा आवाजच बदलतो, एखाद्या तान्ह्या मुलाशी बोलल्यासारखा. पण कोणी पॉलिश मारलं की कडा गोल झाल्या आणि मोल गेलं. ‘गेलेलं स्टील परत येत नाही,’ हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. मी झोपेतही म्हणून दाखवीन.

आधी हे एका दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. मालकाचा हुकूम असा, की जुनं घड्याळ आलं की तबकडी बदला, काटे बदला, पॉलिश मारा. एके दिवशी हे ‘नाही मारणार’ म्हणाले आणि हत्यारांची पेटी घेऊनच घरी आले. तेव्हापासून बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी ह्यांचं टेबल आहे.

माणूस मूळचाच चुळबुळ्या. हातात गोल काही आलं की फिरवत बसणार. बरणीचं झाकण, नळाची तोटी, रेडिओचं बटण. समोरच्याचा चेहरा नंतर बघणार, मनगट आधी. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्याकडे न बघता बाबांच्या घड्याळाकडे बघत होते. बाबांना वाटलं, मुलगा लाजाळू आहे.

ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भावोजी, खरेखुरे पाणबुडे. जन्मभर बंदरात पाण्याखाली वेल्डिंग केलं. लग्न केलं नाही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, जिना चढवेना, तेव्हा आमच्याकडे आले. त्याला वर्ष होऊन गेलं. त्यांची कॉट ह्यांच्या टेबलाच्या अगदी मागे. दोघं भाऊ दिवसभर एका खोलीत आणि बोलणं काय, तर ‘पंखा वाढवू?’ आणि ‘राहू दे.’

त्यांच्या मनगटावर कंपनीने दिलेलं घड्याळ असायचं. मागे कंपनीचा नंबर कोरलेला, एका बाजूला साखळीत सापडून पडलेला खोल ओरखडा. हे ते घड्याळ रोज बघत आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत.

एकदा फोनवर ह्यांनी कुणाला तरी तसल्याच घड्याळाचा भाव सांगितला. फोन ठेवल्यावर भावोजींनी आपलं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“याचं काय येईल ते बघ. बंदराजवळ एक खोली रिकामी आहे, तळमजल्याची. भाड्याची सोय झाली की मी जातो तिकडे. तुमची किती दिवस अडचण करायची?”

माझ्या नवऱ्याने यावर काय केलं असेल?  त्याने डोळ्याला भिंग लावलं. मी दारात उभी होते, मला असा संताप आला की हातातली परात आपटावीशी वाटली. अहो, भाऊ घर सोडून जायचं म्हणतोय आणि तुम्ही कडा कसल्या बघताय?

त्या दिवसापासून ह्यांचं बिनसलं. घड्याळ उघडून बघून झालं होतं, तरी ‘अजून तपासतोय’ म्हणत राहिले. जेवता जेवता उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे. माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवून फिरवून सैल करून टाकलं. शेवटी मी ह्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

“कमी येतं का?”

“कमी? अगं, त्याला कोणी हातच लावलेला नाही. आहे तसं आहे. त्या खोलीचं कित्येक वर्षांचं भाडं निघेल.”

“मग कमी येतं म्हणून सांगा.”

मी चोरी करायला सांगितल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. “परक्याला कधी खोटा भाव सांगितला नाही. सख्ख्या भावाला सांगू?”

“मग जाऊ नको म्हणा. एवढं तरी म्हणा.”

“त्याला वाटेल कीव करतोय. उलट आधीच निघून जाईल. तुला माहीत नाही तो.”

मला चांगले माहीत होते. दोघंही एकाच साच्यातले. मी स्वतः भावोजींना म्हटलं, “इथे काय कमी आहे तुम्हाला?” तर म्हणाले, “मला काही नाही गं,” आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर आदल्या दिवशीचा होता.

अखेर ह्यांनी खरा आकडा सांगितला. भावोजींनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, “बरं. विकून टाक.” ह्यांनी गिऱ्हाईक ठरवलं, रविवारी दुपारी येणार होतं. शनिवारी भावोजींनी कपाटातले शर्ट काढून ट्रंकेत भरले. मला मदत करू दिली नाही. मी आत जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

रविवारी सकाळी हे दाढी करून बसले होते. मोरीतून घासल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, भावोजी बूट साफ करताहेत. आवाज थांबला आणि ते काठी टेकत बाहेर आले. हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं.

“गिऱ्हाईक यायचंय ना. जरा स्वच्छ केलं.”

घड्याळ नव्या वाटीसारखं लखलखत होतं. जन्मभर धातू घासलेला हात, काम कसं कच्चं राहील? कडा गुळगुळीत गोल, साखळीचा ओरखडा गायब, मागचा नंबर जेमतेम वाचता येईल इतका. वापरला होता तो ह्यांच्याच खणातला, दुकानाच्या दिवसांपासून पडून असलेला पॉलिश पेपर.

हे ताडकन उठले. “घासलंस? दादा, घासलंस? अरे, काय केलंस हे? कडा गेल्या, नंबर गेला. किती वेळा सांगायचं लोकांना, गेलेलं स्टील परत येत…”

आणि मध्येच थांबले. त्यांची नजर टेबलामागच्या कॉटवर गेली होती. वर्षभर त्याच कॉटवर बसून या माणसाने ते वाक्य रोज ऐकलं होतं, एका दिवसात दोन-दोन वेळासुद्धा.

भावोजी कॉटवर बसून खिडकीबाहेर बघत होते. काठीचं टोक फरशीवर हळूहळू आपटत होते.

“आता किती येईल?” त्यांनी विचारलं.

ह्यांनी घड्याळ उचललं. भिंग लावलं नाही. “फार नाही.”

“खोलीचं भाडं?”

“नाही निघणार.”

“मग खोलीचं काही जमत नाही म्हणायचं.”

“नाही जमत,” हे म्हणाले. 

तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक पत्ता विचारत होतं. “येऊ नका,” हे म्हणाले, “घासलंय.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. “हो, घरातल्याच माणसाने,” असं म्हणून ह्यांनी फोन ठेवला.

मग हे कॉटवर भावोजींच्या शेजारी बसले. भावोजींनी मनगट पुढे केलं. हे पट्टा बांधायला लागले, पण बक्कल काही लागेना. भावोजी घाई न करता हात तसाच धरून बसले.

मी आत गेले, ट्रंक उघडली आणि त्यांचे शर्ट एकेक करून कपाटात ठेवले. बाहेरून कोणी ‘राहू दे’ म्हणालं नाही.