कावळ्याला दिलेला शब्द

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझा थोरला भाऊ आपटा गावाजवळच्या बेटावरून परतताना बुडाला, आणि पनवेलभर एकच वाक्य फिरलं : त्याची वेळ भरली होती. डोंबलाची वेळ! नदीच्या मधोमध ते बेट, जायला एक ठेंगणी फरशी, बिनकठड्याचा पूल. पावसाळ्यात मुंबईची माणसं आणि आम्ही पनवेलकर तिथे डबे घेऊन सहलीला जायचो. घाटात पाऊस कोसळला की इथे ऊन असतानाच पाणी चढतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण फरशीला ना साखळी, ना अडवायला माणूस.

दहाव्याला घाटावर गुरुजींनी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर बसून नुसते बघत होते मेले. वहिनी म्हणाली, मुलांना शिकवेन. मी म्हणालो, घर मी चालवीन. काही नाही. मग आमच्या भागातले पुढारी हात जोडून पुढे आले आणि मोठ्यानं म्हणाले, "पुढच्या पावसाच्या आत फरशीला साखळी लागेल, पहाऱ्याला माणूस बसेल."

आणि कावळा शिवला! भावाचा जीव त्यातच अडकला होता, असं वाटून मी ढसाढसा रडलो.

नंतर वर्षभर त्यांच्या घरी खेटे घातले. आज मीटिंग, उद्या दौरा. एकदा तर मलाच म्हणाले, लोकांनी अक्कल वापरायला नको का? माझं डोकंच फिरलं. तोवर बेटाच्या वाटेवर सहलवाल्यांचं स्वागत करणारी कमान उभी राहिली, ह्यांच्या फोटोसकट. कमानीला पैसे होते, साखळीला मुहूर्त नव्हता.

पुढच्या श्रावणात आमच्या आळीतल्या मास्तरांचा कॉलेजातला मुलगा त्याच फरशीवरून वाहून गेला. दहाव्याला तोच घाट, तेच झाड, आणि कावळा शिवेना. मास्तर बोलून बोलून थकले. पुढारी पुन्हा पुढे झाले, हात जोडले, "पुढच्या पावसाच्या आत..."

मला राहवेना. म्हटलं, "साहेब, कावळ्याला एकदा फसवलंत, तेवढं पुरे. गुरुजी, दर्भाचा कावळा करा."

गुरुजी खाली मान घालून दर्भ वळू लागले. मास्तर उठले आणि त्यांनी पुढाऱ्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.