पोत्याची शर्यत आणि प्लान्टचं हेल्मेट
पोत्याच्या शर्यतीत पोरांना स्टील प्लान्टचं हेल्मेट घालायला लावलं ते मीच. हेल्मेटच्या घामट पट्ट्याचा वास आला की भिलाईतल्या आमच्या सेक्टरचं ते गणपतीचं मैदान आठवतं. पोरांच्या खेळालाही हेल्मेटचा नियम असतोच, असं मी छाती फुगवून सांगितलं आणि घरोघरी फिरून हेल्मेटं जमवली. शेजारची नऊ वर्षांची पोरगी महिनाभर अंगणात पोत्यात उड्या मारत होती. शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती, तेवढ्यात ते मोठ्या माणसाचं हेल्मेट तिच्या डोळ्यांवर घसरलं आणि ती मंडपाच्या दोरीत अडकून पडली. गुडघा खरचटला, पण ती रडली शर्यत गेली म्हणून. प्लान्टमधून निवृत्त झालेले एक सेफ्टीवाले काका तिथंच बसले होते. ते मला म्हणाले, "वरून लोखंड पडून राहिलं का इथं? पोराइच्या खेळाले जागा साफ पाहा लागते, बस." मी हेल्मेटं गोळा केली आणि शर्यत मंडपापासून दूर नेऊन पुन्हा ठेवली. पोरीनं मला इतक्या सहज माफ कसं केलं, याचं आजही नवल वाटतं. पोत्यात पाय घालताना ती एवढंच म्हणाली, "काका, तुमी तिकडे दूर उभे राहा. सगळ्यात जास्त धोका तुमचाच हाय."