सव्वीस पत्रकं आणि एक ज्वालामुखी

ज्या दिवशी माझं लग्न ठरायचं होतं, त्या दिवशी भर समुद्रात मी ज्वालामुखी फुटल्याचं जाहीर केलं.

आधी जागा सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते वाचकांनीच ठरवावं. शारजाहून लाँचनं दिवसभराच्या अंतरावर दोन बेटं आहेत. मोठ्यावर बाजार, दवाखाना आणि गोडं पाणी. लहानावर काळ्या-तांबड्या दगडांचा डोंगर, तांबड्या मातीची खाण आणि खाणीवरचे टाइमकीपर, म्हणजे माझे उस्मानमामू. दोन्ही बेटांमध्ये एकच लाँच, सकाळी जाणारी आणि दुपारी परतणारी. (जागा दहा माणसांची, बसतात तीस, शिवाय बकऱ्या. या विषयावर माझं वेगळं पत्रक आहे.)

मी मुरूडहून नुकताच आलो होतो. गावात मी पत्रकं काढायचो. बंदराचा धक्का, रेशनचं रॉकेल, मास्तरांची छडी, कशालाही सोडलं नाही. शेवटी अम्मीनं 'याला कामाला लाव' असं मामूंना कळवून मला बोटीवर चढवलं आणि मामूंसाठी एक गोणी दिली. गोणीत काय आहे हे मी विचारलं नाही. मुंबईपासून पाच दिवस मी तिच्यावर बसून लिहीत होतो.

बेटावर तिसऱ्याच दिवशी खाणीचा सर्व्हेअर सहज बोलून गेला की हे अख्खं बेट ज्वालामुखीच्या दगडाचं आहे. मी हादरलो! चाळीस कामगार ज्वालामुखीवर अंथरूण टाकून झोपतात आणि त्यांना कुणी सांगितलेलंसुद्धा नाही! सर्व्हेअर म्हणाला, तो कधीच मेलाय, लाखो वर्षं झाली. मी म्हणालो, लेखी दाखवा. त्याच्याकडं लेखी काही नव्हतं. (कधीच नसतं!) त्याच दुपारी मी 'कामगारांनो, पायाखाली बघा!' हे पत्रक लिहिलं. कार्बन लावून, बोटं निळी करून, सव्वीस प्रती! खाणीवर वाटायला मामूंच्या हाती दिल्या.

"ठेव तिथं," मामू म्हणाले. "कामाला येतील."

त्याच आठवड्यात स्थळ आलं. मोठ्या बेटावर कापडाचं दुकान असलेले इब्राहिमशेठ, मूळचे आमच्याच कुलाबा जिल्ह्यातले. मुलगी रुकैया. मुलगा कसा आहे, राहतो कुठं, हे बघायला शेठ बीबीला आणि मुलीला घेऊन यायला तयार झाले. मामूंनी मला बजावलं की सकाळच्या लाँचनं जा, दुपारच्या लाँचनं पाहुण्यांना घेऊन ये, जेवणाचं मी बघतो.

"आणि वाटेत भाषण करू नकोस. हे स्थळ गेलं तर तुला पहिल्या बोटीनं परत धाडीन."

परतीच्या लाँचवर मी पाऊण तास गप्प बसलो. (हा माझा विक्रम आहे.) शेठनी पगार विचारला, नमाज विचारली, सिगारेट विचारली. मी जिथं हलवायची तिथं मान हलवली. रुकैया आईच्या पलीकडं बसून समुद्र बघत होती. स्थळ जमल्यातच जमा होतं. तेवढ्यात लाँच वळली, लहान बेट समोर आलं, आणि डोंगराच्या डोक्यातून धूर!

साधासुधा नव्हे! जाड, पिवळट, थेट दगडातून वर येणारा! पत्रकात लिहिलेलं खरं होण्याची मला सवय नव्हती.

"चाचा, घाबरू नका," मी उठून उभा राहिलो. "पण तो फुटलाय."

मग पत्रकातला सगळा मजकूर मी तोंडपाठ म्हणून दाखवला. शेठ पांढरे पडले. बीबींनी कलमा सुरू केला. मी लाँच चालवणाऱ्या नाखुदाला मागं वळवायला सांगितलं. त्यानं धुराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, "माफी मुश्किल" म्हणजे 'काही हरकत नाही' एवढं म्हणाला आणि लाँच पुढंच नेली. मी त्याला कंपनीचा हस्तक म्हटलं. (मराठीत. म्हणून मी आज लिहितोय.)

रुकैयानं नाक वर केलं. "अब्बा, ओव्याचा वास येतोय."

"गंधक आहे ते," मी म्हणालो. गंधक मी जन्मात हुंगला नव्हता.

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "गंधकात ओवा घालतात?"

"असेल," मी म्हणालो. अशा वेळी चळवळीनं माघार घ्यायची नसते!

अखेर शेठनीच नाखुदापुढं हात जोडले आणि लाँच वळली. मागं वळून बघतो तर किनाऱ्यावरून एक होडी जिवाच्या आकांतानं वल्हवत येतेय. होडीत मामू! तोंड काळं, भुवया जळालेल्या, खांद्यावरचा पंचा निशाणासारखा फडकावताहेत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस कामगारांपैकी कुणी नाही तर नाही, मामू तरी वाचले! बीबी हुंदके देऊ लागल्या. मी दोर फेकला.

मामूंनी लाँचची कड धरली. दम लागलेला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"शेठ, आमचं काय चुकलं? मुलगा पसंत नव्हता तर जेवून तरी जायचं. तिकडं पोपटी करपतेय."

नाखुदानं इंजीन बंद केलं.

कुलाब्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, ओवा, जाडं मीठ भरायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. ही पोपटी. आमच्याकडं थंडीत पाहुण्यांचा याहून मोठा मान नाही. वारा लागू नये म्हणून मामूंनी जाळ डोंगरमाथ्यावरच्या खळग्यात केला होता. आणि तो पाला, त्या शेंगा मुरूडहून आणल्या कुणी? मी! पाच दिवस बुडाखाली घेऊन!

मला राहवलं नाही. मी मामूंना विचारलं, या उजाड बेटावर एवढं पेटवायला मिळालं काय?

"खोक्यांच्या फळ्या," मामू म्हणाले. "आणि तुझे ते कागद. सव्वीसच्या सव्वीस. छान पेटतात."

पोपटी एका बाजूनं करपली होती. शेठ दोनदा वाढून घेऊन जेवले, मान खाली घालून. मी मनातल्या मनात मुरूडची बोट पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाँचवर चढताना शेठनी मामूंना बाजूला घेतलं. मुलगी हो म्हणते. अट एकच, मुलानं पत्रकं बंद करावीत.

मला जबर धक्का बसला! लग्नाआधीच लेखणीवर बंदी! लग्न मी केलं, पण अट मानली नाही. ज्वालामुखीचा माझा मूळ मुद्दाही कायम आहे, लेखी उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. उलट या जुलमी अटीचा निषेध करणारं जळजळीत पत्रक लिहून, सव्वीस प्रती काढून, मी लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात रुकैयाच्या हातात ठेवल्या.

तिनं त्या चाळून बघितल्या. "ठेवा तिथं," ती म्हणाली. "कामाला येतील."

यंदाची पोपटी, सगळे म्हणतात, जास्त लवकर पेटली.