एका हाताचं ओझं

लॅपटॉप घ्यायला आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याबरोबर दौंडला आले तेव्हा त्यांनी घडीची पांढरी टोपी घातली होती. ही टोपी ते दोनच कामांना बाहेर काढत, सोयरीक ठरवायला आणि जनावर घ्यायला. एसटीत त्यांच्या शेजारी बसून मी मनातल्या मनात खजील होत होतो. चोवीस वर्षांचा घोडा झालो होतो, सणसवाडीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून चिकटून वर्ष होत आलं होतं, आणि तरी दुकानात बाप सोबत. पण त्यांना नको म्हणायची सोय नव्हती, कारण त्या लॅपटॉपमध्ये त्यांचंही एक काम अडकलेलं होतं.

दोन हजारच्या दशकातली शेवटची वर्षं ती. आदल्या महिन्यात सुट्टीला घरी आलो असताना मी मोठ्या ऐटीत सांगून बसलो होतो, की कॉम्प्युटरवर आता जमीन वरून दिसते. आपलं वडगाव रासाई दिसतं, भीमेचं वळण दिसतं, आपल्या मळ्यातली विहीरसुद्धा दिसते. आई हसली. तिला मी थापा मारतोय असंच वाटलं. आप्पांचा घास मात्र हातातच राहिला.

“आन् वाट दिसती का?” त्यांनी विचारलं.

“कुठली वाट?”

“आमची. कोकणाची.”

आम्ही धनगर. माझ्या जन्माच्या आधीच घरानं मेंढरं विकून जमीन धरली होती, त्यामुळे मला ऊस कळतो, मेंढरू कळत नाही. पण आप्पांची पहिली पंचवीस वर्षं चालण्यात गेली. दिवाळी झाली की त्यांचा वाडा हलायचा. हा वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे. मेंढरं, घोडी, माणसं आणि बिऱ्हाड मिळून जो तळ होतो त्याला आमच्यात वाडा म्हणतात. पाबळच्या माळावरून, चाकणच्या अंगानं मावळात, तिथून घाट उतरून कोकणात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी. मधल्या काळात त्या वाटेवर कंपन्या आल्या, तारेची कुंपणं आली. पायांनी ती वाट धरणं आता शक्य नव्हतं. वरून दिसली तर एकदा सगळी बघायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

“दिसेल की,” मी म्हणालो. “माझा स्वतःचा लॅपटॉप आला की घरी आणून दाखवतो.”

माझ्या मनात मात्र वेगळंच शिजत होतं. सणसवाडीच्या खोलीवर मी दोन पार्टनरांबरोबर राहायचो. त्यातल्या बिहारकडच्या पार्टनरकडं एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यावर गाड्या पळवायचे, बंदुका चालवायचे गेम होते. रविवारी आम्ही तिघं आळीपाळीनं त्यावर बसायचो आणि माझी पाळी संपली की मला ताप भरल्यासारखं व्हायचं. वाढत्या वयात शेण काढणं आणि उसाच्या पाण्याची दारं धरणं यांतच वेळ गेला होता, खेळायचं राहून गेलं होतं, ते सगळं आता उसळून वर आलं होतं. मला गेमचाच लॅपटॉप हवा होता, आणि हे घरी कोणाला सांगायची छाती नव्हती.

दौंडला स्टेशनजवळच्या दुकानात शेठनं दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक काळाकुळकुळीत, दारासारखा रुंद, बटणांखालून तांबडा उजेड येणारा. दुसरा करड्या रंगाचा, वहीएवढा, बघताक्षणी विसरून जावा असा. माझा जीव काळ्यावर जडला तो तिथंच.

आप्पांनी दोन्ही लॅपटॉप, कोकराच्या पोटाखाली घालावा तसा, खालून पंजा घालून उचलून पाहिले. मग काळा माझ्या हातात दिला.

“ह्यो एका हातात धर. त्या रिक्षा हुब्या हायेत तिथवर जा आन् माघारी ये.”

शेठ गडबडला. “मामा, माल असा दुकानाबाहेर नेता येत नाही.”

“मी बसलोय की हितं. पोरगं पळालं तर मला ठिवून घ्या.”

ही एका हाताची परीक्षा आमच्या घरात जुनी होती. वाडा हलायचा तेव्हा घोड्यांवर मावत नाही ते सामान माणसांनी वागवायचं असे. त्यातली प्रत्येक वस्तू एका हातानं उचलून चार पावलं चालून बघायची आणि दोन हात लागतील ती मागं ठेवायची, असा दंडक होता. कारण दुसरा हात मोकळा लागे. वाटेत व्यालेल्या मेंढीचं कोकरू त्या हातात असायचं. आप्पांनी याच हिशेबानं घरातला मिक्सर घेतला होता, माझी शाळेची पेटीही घेतली होती. आता त्याच हिशेबानं ते लॅपटॉप बघत होते.

मी काळा घेऊन रिक्षांपर्यंत गेलो. मनगट दुखायला लागलं, खांदा एकीकडं ओढला, रिक्षावाले टकामका बघत होते. तरी तोंडावर काही न दाखवता शीळ घालत परत आलो. मग करडा घेऊन गेलो. तो हातात आहे की नाही हे कळेना, म्हणून मुद्दाम रमतगमत आलो. आयुष्यात नाटकात काम केलं ते तेवढंच.

“काय फरक हाय दोन्हींत?” आप्पांनी शेठला विचारलं.

“मोठा गेमिंगचा आहे, मामा. ताकद जास्त, पण बॅटरी तासभर टिकली तर टिकली. छोटा रोजच्या वापराचा. चार तास सहज चालतो.”

“गेम? कुणाचा गेम करायचाय?” आप्पा माझ्याकडं वळले.

शेठ खो खो हसला. माझे कान तापले. “तसलं नाही हो. कंपनीची मोठी ड्रॉइंगं उघडायला ताकद लागते. साहेबांनीच सांगितलंय असला घे म्हणून.”

साहेबांनी काहीएक सांगितलं नव्हतं. कंपनीची ड्रॉइंगं कंपनीच्या बाहेर न्यायलाच बंदी होती.

“आपल्याकडं दिसभर लाईट नसती,” आप्पा सावकाश म्हणाले. “तासाच्या बॅटरीवर वाट सरंल का?”

“सणसवाडीहून पूर्ण चार्ज करून आणीन ना. तासभर पुष्कळ झाला.”

ते माझ्याकडं बघत राहिले. जनावराच्या बाजारात समोरचा दलाल बोलत असताना ते असेच बघत. मग शेठकडं वळून म्हणाले, “जडच द्या. त्याचा जीव त्याच्यात हाय.”

त्यांना सगळं कळलं होतं. हे मलाही तेव्हाच कळलं आणि मी ते न कळल्यासारखं केलं.

त्या दिवाळीला मी लॅपटॉप घरी आणला. सामानानं भरलेल्या एसटीत तो मांडीवर घेऊन बसलो आणि उभ्यानं आलेल्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या. पाडव्याच्या दुपारी अंगणात बाज टाकली, नेटचं डोंगल लावलं. लाईट नव्हतीच. आप्पा आंघोळ करून, नवं धोतर नेसून, देवापुढं बसावं तसे बाजेवर बसले.

नकाशा तुकड्या-तुकड्यानं उघडायचा. आधी नुसता धुरकट हिरवा चौकोन, मग हळूहळू त्यात बांध दिसायचे, झाडं दिसायची. भीमेचं वळण दिसलं तेव्हा आप्पांनी आईला हाक मारली. मग ते बोट दाखवत सुटले आणि मी त्या बोटामागं नकाशा सरकवत राहिलो. दर मुक्कामाला वाड्यानं दिलेलं स्वतःचं नाव होतं. गावच्या कागदांत ती नावं कुठंच नव्हती, पण वाड्यातल्या पोरासोरांनाही ती पाठ असत.

“ही घोडीची पट्टी. हितं आमची घोडी व्याली, दोन रोज थांबलो. हे उपाशी रान. आन् ह्यो पाबळचा माळ, ह्येला आमी हसरा तळ म्हनायचो.”

“का?”

“हितला शेतकरी मेंढरं बसवाय घ्यायचा रानात, खतासाठी. आन् सांजंला सगळ्यांस्नी गूळ-शेंगा द्यायचा. पोरं हसायची.”

मला त्या गोष्टींत पुरती गोडी वाटत होती असं म्हटलं तर खोटं होईल. माझा एक डोळा कोपऱ्यातल्या बॅटरीवर होता, आणि खरं सांगायचं तर उरलेल्या मिनिटांत आमच्या चुलतभावाला एक गेम दाखवायचं मी कबूल केलं होतं. मी हं हं करत राहिलो. आप्पा मावळात पोचले, घाटाच्या तोंडाशी आले, पुढं वाकले आणि पडदा काळा झाला.

“काय झालं?”

“बॅटरी संपली.”

“हितनं फुडं उतार हाय,” काळ्या पडद्यावर बोट तसंच ठेवून ते म्हणाले. “उतार लई मजेचा. मेंढरं आपली आपण चालत्यात. कोकणाचा वास येतो.” मग बोट काढून घेत म्हणाले, “ऱ्हाऊ दे. फुडच्या बारीला बघू.”

ती पुढची बारी दोन वर्षं आली नाही. शनिवारी त्यांचा फोन यायचा, “येतानी मशीन आनतोयस का?” आणि मी म्हणायचो, आज गर्दी फार आहे, पुढच्या शनिवारी नक्की. लॅपटॉप जड होता हे खरंच होतं. शिक्रापूरला गाडी बदलून, दोन पिशव्या सांभाळून तो वागवणं जिवावर यायचं. पण तो तिथं राहिला की त्याच्यासाठी मीही तिथंच राहायला लागलो, हेही तितकंच खरं. आधी महिन्यातले चार शनिवार घरी असायचो, ते दोन झाले, मग एक झाला. रविवारी पार्टनर आणि मी तांबड्या उजेडात गाड्या पळवायचो. मजा यायची. खूप मजा यायची, त्याबद्दल आज खोटं का बोलू.

मग एका सकाळी मळ्यात पाणी बघायला गेलेले आप्पा बांधावर पडलेले सापडले. अर्धांगाचा झटका होता. शिरूरच्या दवाखान्यातून पुण्याला नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

त्यांना घरी आणलं त्याच आठवड्यात मी काळा लॅपटॉप पार्टनरला देऊन टाकला आणि वहीएवढा, हलका, रोजच्या वापराचा घेतला. शनिवारी घरी जाऊन तो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी डावा हात त्याच्या पोटाखाली घातला, उचलला, अंदाज घेतला आणि मान हलवली. पसंत पडला होता. एका हाताचाच होता, आणि आता त्यांनाही एकच हात होता. मी उठून चुलीमागं गेलो आणि जरा वेळानं परत आलो.

बॅटरी चार तासांची होती. नकाशा थेट घाटाच्या तोंडाशी उघडला आणि त्यांचं डावं बोट उतरायला लागलं. नदी, रान, डोंगराची सोंड, कुठं जायचं हे त्या बोटाला पक्कं ठाऊक होतं. दर मुक्कामाला ते थांबायचं. आप्पा माझ्याकडं बघायचे, तोंड उघडायचे, आणि नुसता ‘अ’ बाहेर यायचा. पुन्हा प्रयत्न करायचे. पुन्हा ‘अ’. मी म्हणायचो, “हं, कळलं,” आणि त्यांना कळायचं की मला कळलेलं नाही. आई लग्न होऊन घरात आली तेव्हा मेंढरं मोडली होती, तिला ती नावं माहीत नव्हती. वाड्यातलं दुसरं कोणी मागं उरलं नव्हतं.

जिथं जिथं बोट थांबलं तिथं मी नकाशावर खूण केली. अकरा खुणा झाल्या. दर खुणेला एक चौकट उघडायची आणि त्या जागेचं नाव विचारायची. मी काही न लिहिता ती बंद करायचो आणि बोट पुढं निघायचं. शेवटी समुद्र आला तेव्हा आप्पांनी हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. बॅटरी अजून निम्मी शिल्लक होती.

ते गेल्यावर मी घाटाच्या वरच्या मुक्कामांनाही खुणा करायला बसलो. तिथली सगळी नावं त्यांनी पाडव्याच्या दुपारी मला तोंडानं सांगितली होती. मला तीनच आठवली.